बालविकासाची प्रश्नावली आणि पालकांची साक्ष

मूल सहा महिन्यांचे झाले की घरातील वडीलधारी माणसे त्याच्या वाढीचा हिशेब आपापल्या परीने मांडू लागतात. पालथे कधी पडले, आधाराशिवाय कधी बसले, पहिले पाऊल केव्हा टाकले, पहिला शब्द कोणता उच्चारला, या गोष्टी आई आणि आजी वर्षानुवर्षे विसरत नाहीत. हा हिशेब मनातच राहतो, आणि त्याची पडताळणी होते ती थोरल्या भावंडाशी किंवा शेजारच्या मुलाशी तुलना करून. बालरोगतज्ज्ञ अथवा मानसशास्त्रज्ञ मात्र हाच हिशेब कागदावर मागतात. ते पालकांच्या हाती एक छापील प्रश्नावली देतात आणि तीस-चाळीस प्रश्नांपुढे खुणा करावयास सांगतात.

वरकरणी हे काम अगदी सोपे दिसते. तथापि ज्यांनी ते केले आहे त्यांना ठाऊक आहे, की पहिल्या पाच प्रश्नांनंतर पेन अडखळू लागते. मूल ही गोष्ट करते खरे, पण नेहमी करते का? एकदा केली होती, ती धरावी का? आजी म्हणते करते, वडील म्हणतात करत नाही. मग खरे कोणाचे? आणि 'नाही' अशी खूण केली, तर आपल्या मुलावर कायमचा शिक्का तर बसणार नाही ना? या प्रकरणात आपण अशा प्रश्नावलीचे स्वरूप काय, ती कशासाठी असते आणि ती कशी भरावी, याचा विचार करू.

प्रश्नावली कोठून आली

बालकाच्या वाढीचे टप्पे शास्त्रीय पद्धतीने नोंदवण्याचे श्रेय प्रामुख्याने अर्नोल्ड गेसेल यांना दिले जाते. अमेरिकेतील येल विद्यापीठात त्यांनी १९११ साली बालविकासाच्या अभ्यासाचे केंद्र सुरू केले आणि निरनिराळ्या वयांची बालके काय करतात याची काटेकोर निरीक्षणे नोंदवली. त्यानंतर १९३५ साली एडगर डॉल यांनी व्हाइनलँड येथील संस्थेत सामाजिक परिपक्वतेची एक श्रेणी तयार केली. तिचे वैशिष्ट्य असे, की तीत मुलाची परीक्षा घेतली जात नाही. मुलाला जवळून ओळखणाऱ्या माणसाला प्रश्न विचारले जातात आणि त्याच्या उत्तरांवरून मुलाचे दैनंदिन वर्तन समजून घेतले जाते. पालकांच्या सांगण्याला साक्षीचा दर्जा येथे मिळाला, असे म्हणावयास हरकत नाही.

ही श्रेणी भारतात आणण्याचे काम नागपूर येथे ए. जे. मालिन यांनी केले. त्यांच्या रूपांतरात जन्मापासून पंधरा वर्षांपर्यंतच्या वयासाठी ८९ बाबी असून, खाणे, कपडे घालणे, हिंडणे-फिरणे, बोलणे, इतरांत मिसळणे अशा आठ क्षेत्रांत त्यांची वाटणी केलेली आहे. काटाचमच्याने जेवणाऱ्या घरातील प्रश्न हाताने वरणभात कालवून खाणाऱ्या घराला जसाच्या तसा विचारता येत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे रूपांतराची गरज सहज पटते. म्हैसूर येथे जे. भरतराज यांनी ८८ बाबींची विकास-चाळणी चाचणी तयार केली. तिची सुधारित आवृत्ती १९८३ सालची आहे. बडोदे येथे प्रमिला फाटक यांनी नॅन्सी बेली यांच्या चाचण्यांचा आधार घेऊन भारतीय शिशूंसाठी प्रमाणके बसवली. त्यांच्या मापनश्रेणीत, जिची सुधारित आवृत्ती १९९७ साली निघाली, हालचालींच्या ६७ आणि मानसिक वाढीच्या १६३ बाबी आहेत. ही श्रेणी मात्र प्रशिक्षित परीक्षकाने मुलाला समोर बसवून, खेळणी व ठोकळे हाती देऊन वापरावयाची असते. केरळात तिरुवनंतपुरम येथे १९९१ साली, बडोद्याच्या याच प्रमाणकांतून अवघ्या १७ बाबी निवडून, दोन वर्षांखालील मुलांसाठी एक तक्ता तयार झाला. मुलाच्या वयावर उभी पेन्सिल धरावी आणि तिच्या डावीकडे येणारी प्रत्येक गोष्ट मूल करते की नाही, एवढेच पाहावे, अशी त्याची सुटसुटीत रीत आहे. अंगणवाडीतील सेविकेलाही तो काही मिनिटांत वापरता येतो.

चाळणी आणि निदान

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण पालकांची बरीचशी भीती तो ठाऊक नसल्यामुळे निर्माण होते. चाळणी वेगळी आणि निदान वेगळे. धान्य चाळताना खडे वर राहतात, तसे काही दाणेही वर राहतात. ते हाताने निवडावे लागतात. त्याचप्रमाणे प्राथमिक प्रश्नावलीत ज्या मुलांकडे अधिक लक्ष देण्याची गरज दिसते, त्यांतील अनेक मुले पुढच्या तपासणीत पूर्णपणे निकोप आढळतात.

स्वमग्नतेच्या प्राथमिक चाळणीसाठी सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांकरिता वापरली जाणारी 'एम-चॅट' ही प्रश्नावली याचे चांगले उदाहरण आहे. तिच्या सुधारित आवृत्तीत वीस प्रश्न असून उत्तर फक्त 'होय' किंवा 'नाही' असे द्यावयाचे असते. काळजी सुचविणारी उत्तरे दोनपर्यंत असतील तर धोका कमी मानतात. तीन ते सात असतील तर पालकांना त्याच प्रश्नांबद्दल पुन्हा सविस्तर विचारतात, उदाहरणे मागतात. आणि या दुसऱ्या फेरीत बऱ्याच शंका मिटतात. आठ किंवा अधिक असतील तर मात्र वेळ न दवडता तज्ज्ञांकडे पाठवतात. या प्रश्नावलीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बहुतेक प्रश्नांत 'होय' हे उत्तर समाधानाचे असले, तरी तीन प्रश्नांत ते उलट असते. मूल बहिरे असावे अशी शंका तुम्हांला कधी आली का, या प्रश्नाचे 'होय' हे उत्तर काळजीचे आहे. म्हणून वरपासून खालपर्यंत एकाच रकान्यात खुणा करीत जाण्याची घाई करू नये.

स्वमग्नतेच्या मूल्यमापनासाठी भारतात २००९ साली तयार झालेल्या मापनश्रेणीत ४० बाबी आहेत आणि प्रत्येक बाबीला एक ते पाच असे गुण आहेत. ती प्रशिक्षित व्यक्तीनेच वापरावयाची असते. पालकांनी घरी बसून तीतील गुणांची बेरीज करणे आणि त्यावरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे.

'करतो' आणि 'करता येते'

आता प्रत्यक्ष प्रश्नांकडे वळू. या प्रश्नावल्या बहुधा इंग्रजीत लिहिल्या गेल्या आणि मग आपल्या भाषांत आल्या. अनुवादात एक बारीक अडचण नेहमी उद्भवते. मूळ प्रश्न असतो मूल एखादी गोष्ट 'करते का' असा. मराठीत मात्र आपण सहजगत्या 'त्याला चालता येते का', 'तिला बोलता येते का' असे विचारतो. ही रचना आपल्या भाषेच्या प्रकृतीला धरूनच आहे. पण तिने प्रश्नाचा रोख बदलतो. 'येते का' असे विचारले की आई मुलाच्या क्षमतेचा विचार करते. 'येत असेलच, पण करत नाही', 'मनात आले तर करतो', 'हट्टी आहे म्हणून बोलत नाही' अशी उत्तरे मग ओघाने येतात आणि खूण 'होय'वर पडते. प्रश्नावलीला हवे असते ते वर्तन. मूल काय करू शकेल याचा अंदाज बांधण्याचे काम तज्ज्ञाचे आहे. मूल काय करते हे सांगण्याचे काम पालकांचे.

म्हणून मराठी प्रश्न वाचताना प्रत्येक वेळी मनात एक छोटे वाक्य जोडावे: 'गेल्या दोन आठवड्यांत मी हे स्वतः पाहिले आहे का?' पाहिले असेल तर किती वेळा, आणि कोणत्या प्रसंगी? 'हाक मारल्यावर वळतो' एवढ्यावर न थांबता, 'पाठीमागून, हळू आवाजात, हात न हलवता हाक मारली असता वळतो का' असे आठवावे, आणि आठवत नसेल तर करून पाहावे. प्रश्नावली मिळाल्याबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसून भरण्यापेक्षा ती घरी आणून दोन-तीन दिवस मुलाचे निरीक्षण करून भरणे केव्हाही चांगले. तशी सवड नसेल, तर ज्या प्रश्नांचे उत्तर नक्की माहीत नाही त्यांच्या समोर तसे स्पष्ट लिहावे. अंदाजाने केलेल्या दहा खुणांपेक्षा खात्रीच्या सात खुणा अधिक मोलाच्या आहेत.

ऑरेगन विद्यापीठात तयार झालेली आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेली 'एजेस अँड स्टेजेस' ही प्रश्नावली खास पालकांनीच भरावी अशा हेतूने रचलेली आहे. तीत बोलणे, मोठ्या हालचाली, हाताबोटांच्या हालचाली, अडचण सोडवणे आणि लोकांत वागणे अशा पाच क्षेत्रांतील प्रत्येकी सहा प्रश्न असतात. उत्तरे तीन: 'होय', 'कधीकधी' आणि 'अजून नाही'. हा शेवटचा शब्दप्रयोग मोठ्या विचाराने योजलेला आहे. 'नाही' म्हटले की दार लागल्यासारखे वाटते. 'अजून नाही' म्हटले की ते किलकिले राहते. पालकांनी हे तिन्ही पर्याय मोकळेपणाने वापरावेत. केवळ संकोचाने 'अजून नाही'चे 'कधीकधी' करू नये.

संधी न मिळालेली गोष्ट

काही वेळा मूल एखादी गोष्ट करत नाही याचे कारण इतकेच असते, की ती करण्याची संधीच त्याला मिळालेली नसते. तळमजल्यावरील घरात वाढणाऱ्या मुलाने जिना पाहिलेला नसतो. ज्या घरात आई-आजी आवडीने भरवतात, तेथे दोन वर्षांच्या मुलाने स्वतःच्या हाताने घास घेतलेला नसतो. दिवसभर कडेवर असलेले मूल रांगणार तरी कधी? अशा वेळी 'नाही' अशी खूण करावी, पण समासात 'संधी मिळालेली नाही' असे अवश्य लिहावे. शक्य असेल तर पुढील आठवडाभर ती संधी द्यावी: ताटलीत मऊ भात वाढून मुलाला स्वतः खाऊ द्यावे, जाड खडू हाती देऊन रेघोट्या ओढू द्याव्यात, शेजारच्या इमारतीचा जिना हात धरून चढू द्यावा. आठवड्यात मूल ते करू लागले, तर तीही एक महत्त्वाची नोंद ठरते.

सर्वच मुले एका वेळी एकच टप्पा गाठत नाहीत, हेही येथे सांगितले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील मुलांच्या हालचालींचा अभ्यास करून २००६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनुसार निरोगी मुले आधाराशिवाय बसू लागतात ती ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान, आणि आधाराशिवाय चालू लागतात ती ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान. म्हणजे एक मूल नवव्या महिन्यात चालले आणि दुसरे सतराव्या महिन्यात, तरी दोन्ही निरोगी असू शकतात. त्याच अभ्यासात शंभरातील सुमारे चार मुले हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. ती थेट उभी राहिली. शेजारच्या मुलाशी केलेली तुलना किती फसवी असते, हे या आकड्यांवरून दिसून येईल. त्याबरोबरच हेही खरे, की या मर्यादांना शेवट आहे. अठरावा महिना उलटूनही मूल चालत नसेल, तर 'आमच्या घरात सगळेच उशिरा चालले' या समाधानावर विसंबून राहू नये.

वय मोजताना

प्रश्नावली मुलाच्या वयानुसार निवडली जाते. म्हणून वय चुकले तर सारेच चुकते. वय पूर्ण झालेल्या महिन्यांत आणि दिवसांत लिहावे. अकाली जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत आणखी एक सुधारणा करावी लागते. जितके आठवडे ते आधी जन्मले, तितके त्याच्या वयातून वजा करावेत. दहा आठवडे अगोदर जन्मलेले बालक जन्मतारखेनुसार नऊ महिन्यांचे असेल, तर विकासाच्या दृष्टीने त्याला सुमारे पावणेसात महिन्यांचे समजावे. ही सुधारणा साधारणतः दोन वर्षांच्या वयापर्यंत करतात. प्रसूती किती आठवड्यांनी झाली, हे रुग्णालयाच्या कागदावर लिहिलेले असते. तो कागद प्रश्नावलीसोबत न्यावा.

बंगळूरमधील एक घर

आतापर्यंतचे विवेचन एका उदाहरणाने पाहू. बंगळूर शहराशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. १६३८ नंतर शहाजीराजांची जहागीर येथे होती, आणि तेव्हापासून निरनिराळ्या कारणांनी मराठी कुटुंबे या शहरात येत राहिली. आज नोकरीनिमित्त येथे राहणाऱ्या मराठी घरांत चार-चार भाषा नांदतात. समजा, जयनगरमध्ये राहणारे असे एक कुटुंब आहे. आई-वडील दोघेही नोकरी करतात आणि घरात मराठी बोलतात. दिवसभर बाळाला सांभाळणाऱ्या अक्का कन्नड बोलतात. खालच्या मजल्यावरील मुले हिंदीत खेळतात, आणि सकाळच्या बालवाडीत इंग्रजी गाणी म्हणून घेतली जातात. मुलगा वीस महिन्यांचा आहे. बालरोगतज्ज्ञांनी प्रश्नावली दिली आहे आणि तीत प्रश्न आहे: मूल किती शब्द बोलते?

आई मराठी शब्द मोजते. ते सहाच भरतात: आई, बाबा, दे, नको, भू-भू आणि पाणी. तिचा जीव धास्तावतो. पण संध्याकाळी निघता निघता अक्कांना विचारले, तर त्या आणखी पाच शब्द सांगतात: 'बा' म्हणजे ये, 'बेड' म्हणजे नको, 'हालु' म्हणजे दूध, 'नीरु' म्हणजे पाणी, आणि 'अज्जी'. बालवाडीतून 'बॉल' आणि 'बाय' असे आणखी दोन मिळतात. सहाचे आता तेरा झाले.

अनेक भाषांत वाढणाऱ्या मुलाचे शब्द मोजताना सर्व भाषांतील शब्द धरावयाचे असतात, असाच नियम आहे. 'पाणी' आणि 'नीरु' हे एकाच वस्तूचे दोन शब्द असले तरी मुलाने ते दोन्ही शिकलेले आहेत. उच्चार शुद्ध असावा अशी अपेक्षा नसते. तोच आवाज तीच गोष्ट दर्शविण्यासाठी मूल पुनःपुन्हा वापरत असेल, तर तो शब्द होय. आकड्याबरोबर शब्दांची यादीच जोडली तर तपासणाऱ्याला अधिक उपयोग होतो. अनेक भाषा कानावर पडल्यामुळे मूल बोलावयास मागे पडते, हा समज अभ्यासाने खोटा ठरला आहे. त्यामुळे घरातील एखादी भाषा बंद करण्याची गरज नाही. परंतु याच कारणास्तव, 'भाषांचा गोंधळ आहे म्हणून बोलत नाही' असे म्हणून खऱ्या विलंबाकडे डोळेझाक करणेही बरोबर नाही.

आणि या घरात अशी डोळेझाक होण्याचा संभव होता. कारण शब्दांची संख्या वाढल्याने सर्वांना हायसे वाटले असतानाच अक्का आणखी एक गोष्ट सांगतात. मुलगा खेळत असताना मागून हाक मारली तर अनेकदा वळत नाही. कुकरची शिटी झाली किंवा दार आपटले तर दचकतो. आईने त्या प्रश्नापुढे आधीच 'होय' अशी खूण केलेली आहे. तिचा अनुभव खोटा नाही. ती घरी येते, समोरून येते, हात पसरून हाक मारते, आणि मुलगा धावत येतो. तो आवाज ऐकून येतो की आईला पाहून, हे मात्र त्या अनुभवातून कळत नाही.

आता आईने काय करावे? आपली खूण खोडून अक्कांची खूण करावी, की आपलीच ठेवावी? याचे उत्तर असे, की दोन्ही ठेवाव्यात. 'समोरून हाक मारल्यास येतो; मागून हळू हाक मारल्यास पुष्कळदा वळत नाही, मोठ्या आवाजाने दचकतो', एवढी एक ओळ समासात लिहावी. तपासणाऱ्या डॉक्टरांच्या दृष्टीने त्या साऱ्या कागदावरील ही सर्वांत मौल्यवान ओळ ठरेल. ती वाचल्यावर ते प्रथम श्रवणचाचणी करावयास सांगतील. कदाचित कान पूर्णपणे चांगले निघतील, आणि मुलगा खेळात रमतो इतकाच त्याचा अर्थ असेल. कदाचित कानाच्या पडद्यामागे द्रव साचलेला आढळेल. लहान मुलांत हे वारंवार घडते आणि त्यावर उपाय आहेत. कदाचित ऐकण्याचा कायमचा दोष आढळेल किंवा लक्ष देण्याच्या रीतीत काही वेगळेपण दिसेल. यांपैकी काहीही असले, तरी ते वीस महिन्यांच्या वयात कळणे आणि चार वर्षांच्या वयात कळणे यांत फार मोठे अंतर आहे. कमी ऐकू येणारी मुले डोळ्यांनी इतके टिपतात, की घरच्यांना वर्षानुवर्षे शंका येत नाही, ही वस्तुस्थिती आहे. म्हणून बोलण्यात विलंब दिसला की आधी कान तपासावे, हा साधा नियम आहे.

साक्षीदार एक नसावा

वरील उदाहरणातून पुढील नियम आपोआप निघतो. प्रश्नावली एकट्याने भरू नये. मुलाबरोबर दिवसाचा अधिक वेळ जो घालवतो, त्याचे म्हणणे अवश्य घ्यावे. मग ती आजी असो, पाळणाघरातील बाई असो वा घरी सांभाळणाऱ्या अक्का असोत. त्यांना वाचता येत नसेल तर प्रश्न त्यांच्या भाषेत तोंडी विचारावा. विचारताना आपले उत्तर आधी सांगू नये. 'तो तुमच्याकडे बोट दाखवून काही दाखवतो ना?' असे विचारले तर उत्तर 'हो' असेच येणार. 'त्याला काही हवे असले तर तो काय करतो? आणि काही गंमत दिसली तर काय करतो?' असे विचारावे. वस्तू मागण्यासाठी बोट दाखवणे आणि आकाशातले विमान तुम्हीही पाहावे म्हणून बोट दाखवणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि बऱ्याच प्रश्नावल्या त्या निरनिराळ्या विचारतात.

दोघांची उत्तरे जुळली नाहीत तर वाद घालू नये. मूल आईजवळ एक वागते आणि इतरांजवळ दुसरे, हे स्वाभाविक आहे. कोणते उत्तर कोणाचे, हे लिहावे. कागदाच्या शिरोभागी माहिती देणाऱ्याचे मुलाशी असलेले नाते, तारीख आणि प्रश्न कोणत्या भाषेत विचारले ते नोंदवावे. शंका असलेल्या वर्तनाचे मोबाइलवर मिनिटभराचे चित्रण करून ठेवल्यास तेही उपयोगी पडते. कारण परक्या खोलीत मूल नेहमीसारखे वागेलच असे नाही. भरलेल्या कागदाची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. सहा महिन्यांनी पुन्हा प्रश्नावली भरण्याची वेळ येते, तेव्हा आठवणीपेक्षा ती प्रत अधिक विश्वासू असते.

ज्या खुणा थांबण्यासाठी नसतात

काही गोष्टी मात्र अशा आहेत, की त्या आढळल्या असता प्रश्नावलीची किंवा पुढच्या भेटीची वाट पाहू नये. वर्ष पूर्ण होऊनही बालक बडबडगुंजन करीत नाही, किंवा बोट दाखवणे, हात हलवून निरोप घेणे अशा कोणत्याही खुणा करीत नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत स्वतः जुळवलेले 'आई ये' यासारखे दोन शब्दी वाक्य नाही. आणि यांहून महत्त्वाचे म्हणजे, आधी येत असलेले शब्द किंवा हसणे-मिसळणे कोणत्याही वयात नाहीसे झाले. अशा वेळी विनाविलंब बालरोगतज्ज्ञांना भेटावे.

पुढची वाट कोठे जाते, हेही ठाऊक असलेले बरे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अंतर्भूत असून, अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करावी अशी योजना आहे. ज्या मुलांना पुढील मदतीची गरज भासते, त्यांच्यासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे योजलेली आहेत. बंगळूर येथील 'निम्हान्स' या राष्ट्रीय संस्थेत बालमनोविकारांचा स्वतंत्र विभाग आहे. म्हैसूर येथे १९६५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठी देशभर परिचित आहे. थोडक्यात, 'अजून नाही' अशी खूण केल्यानंतर पालक एकाकी पडत नाहीत. उलट ती खूण केल्यानेच पुढची दारे उघडतात.

समारोप

पालक प्रश्नावलीत मुलाला चांगले दाखवू पाहतात, यात त्यांचा दोष नाही. मुलाची बाजू घेणे हा वात्सल्याचा धर्मच आहे. परंतु येथे मुलाची बाजू घेण्याची रीत निराळी आहे. शाळेच्या परीक्षेत गुण वाढले तर मुलाचा लाभ होतो. या कागदावर गुण वाढवले तर त्याचे नुकसान होते, कारण ज्या मदतीवर त्याचा हक्क आहे ती त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. दोन वर्षांच्या बालकाला स्वतःची अडचण सांगता येत नाही. त्याच्या वतीने ती सांगणारी माणसे घरातीलच असतात. त्यांनी जे पाहिले तेवढेच, पण जे पाहिले ते सगळे सांगावे. निवाड्याची घाई करू नये. प्रश्नावली भरण्याचे सारे शास्त्र एवढ्यात सामावलेले आहे.